'पान लागलं', 'नागीण' आणि 'घटसर्प' : केसपेपरवरचे शब्द संशोधनाच्या डेटाबेसमध्ये कसे बसवायचे?

संगमकाठ

नमस्कार मंडळी,

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात मी डेटाचं काम बघते. जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं संगणकात भरून झाली आहेत. आता त्यावरून कृष्णाकाठची गावं आणि जत-कवठेमहांकाळचा कोरडा पट्टा यांतल्या आजारांची तुलना करायची आहे. काम अडलंय ते 'तक्रार' आणि 'निदान' या दोन रकान्यांवर. दोन्हीकडे मोकळा मजकूर आहे. कुणी मराठीत लिहिलंय, कुणी इंग्रजीत, कुणी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत.

गेल्या आठवड्यात सर्पदंशाचे रुग्ण काढायला बसले. 'सर्प' शोधलं तर घटसर्प झालेली मुलं आली. 'नाग' शोधलं तर नागीण झालेले आजोबा आले. आणि शिराळ्याकडचा खराखुरा सर्पदंशाचा रुग्ण सापडला तो 'व्यसन : पान' या नोंदीत. नातेवाईक म्हणाले होते, "रानात पान लागलंय." एन्ट्री करणारा मुलगा शहरातला, त्याला ते खायचं पान वाटलं. असे अजून किती रुग्ण कुठे कुठे दडलेत या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडे दोन मतं आहेत. वरिष्ठ डॉक्टर म्हणतात, यापुढे मोकळा मजकूर बंद. ड्रॉपडाऊनमधून आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचा, कोड निवडायचा आणि पुढे जायचं. जुन्या नोंदींवरही कोड चढवून मूळ मजकूर काढून टाकायचा. मला हे पटत नाही, पण त्याऐवजी काय करायचं तेही नीट मांडता येत नाही. कुणी असं काम केलंय का?

वारणेचा_वाघ

ताई, रातच्याला सापाचं नाव घ्यायचं न्हाई म्हणून आमच्याकडं 'लांबडं' म्हणत्यात, 'जनावर' म्हणत्यात. चावला असं पण म्हणत न्हाईत, 'पान लागलं' म्हणत्यात. त्या पोराला एकदा नागपंचमीला बत्तीस शिराळ्याला धाडा, जल्मात इसरायचा न्हाई.

रेकॉर्डरूम_काका

संगमकाठ ताई, मी साताऱ्यात एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तुमच्या डॉक्टरांचं अर्धं बरोबर आहे. कोड हवाच. पण आयसीडी कशासाठी जन्मली ते आधी बघा.

तिचं मूळ मृत्यूंच्या नोंदींत आहे. १८९३ साली झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी शिकागोच्या परिषदेत मांडली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा कुठे त्यात मृत्यूबरोबर आजारपणही आलं. दहावी १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून दहावीच चालते. म्हणजे ही मोजणीची पद्धत. मोजताना एक माणूस दोनदा धरला जाऊ नये म्हणून प्रत्येक आजाराला एकच खण. कुठेच न बसणाऱ्यासाठी 'इतर' आणि 'अनिर्दिष्ट' असे खण. बेरीज बरोबर यावी यासाठी ही सगळी मांडणी.

आता ओपीडीत शंभर माणसं रांगेत उभी असताना डॉक्टरांपुढे ड्रॉपडाऊन ठेवला तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आर ५०.९, म्हणजे 'ताप, अनिर्दिष्ट', याचा डोंगर होतो. आधी कागदावर 'चार दिवस थंडी वाजून ताप, उसाच्या फडात काम, अंगावर पुरळ' असं असायचं. ते सगळं त्या एका कोडाच्या पोटात गडप होतं आणि परत बाहेर काढता येत नाही.

मृत्यूच्या दाखल्याचंही तेच. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ असतो. त्यात तात्कालिक कारण, त्यामागचं कारण आणि मुळातलं कारण अशा ओळी आहेत. पहिल्याच ओळीत 'हृदयक्रिया बंद पडली' लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडलेले दाखले मी किती वेळा परत पाठवले असतील! हृदय तर प्रत्येकाचं बंद पडतं. कशामुळे पडलं ते हवं असतं.

डॉ_कोयना

काका, रांगेचं अगदी खरं. पण मी त्या वरिष्ठ डॉक्टरांच्या बाजूने थोडं बोलते. मोकळा मजकूर म्हणजे सत्य आणि कोड म्हणजे नुकसान असं समजू नका. आम्ही डॉक्टर मोकळ्या मजकुरात जे लिहितो ते आमचं आम्हालाच दोन वर्षांनी लागत नाही.

एक उदाहरण देते. आमच्या अभ्यासात पुरुष रुग्णांना 'पीआयडी' निघालं. स्त्रीरोग विभागात याचा अर्थ ओटीपोटातल्या अवयवांचा दाह. अस्थिरोगवाल्यांनी लिहिलं होतं ते मणक्यातली चकती सरकण्याबद्दल. 'एमएस'चंही तसंच : हृदयाच्या वॉर्डात झडप अरुंद होणं, मेंदूच्या वॉर्डात मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणून नोंदीबरोबर विभागाचं नाव टिकवून ठेवा, नाहीतर हे गुंते कधीच सुटणार नाहीत.

दुसरं, प्रश्नचिन्ह. आम्ही '? डेंग्यू' लिहितो तेव्हा ती शंका असते. एन्ट्रीत ते प्रश्नचिन्ह गळलं की शंकेचं निदान होतं. कोविडच्या वेळी आयसीडीत यासाठी दोन वेगळे कोड दिले होते : विषाणू तपासणीत सापडला तर यू ०७.१, लक्षणांवरून धरला पण तपासणीत नाही तर यू ०७.२. प्रत्येक आजाराला ही सोय नाही. तेव्हा 'नक्की / संशयित / नाही' असा स्वतंत्र रकाना करा. 'आईला शुगर' हे वाक्य मुलीच्या नावावर मधुमेह म्हणून चढलेलं मी पाहिलंय.

विट्याचा_पोरगा

मी पुण्यात आरोग्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॉ. कोयना आणि काका दोघांच्या म्हणण्याला उत्तर आहे, त्याचं नाव स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय कोश. काकांनी सांगितलेली आयसीडी मोजणीसाठी, स्नोमेड नोंदणीसाठी.

त्यात तीन गोष्टी असतात. पहिली संकल्पना, दुसरी त्या संकल्पनेची नावं, तिसरी संकल्पनांमधली नाती. साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. नागिणीचा क्रमांक ४७४००००. या आकड्यांना स्वतःचा काही अर्थ नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. आयसीडीत बी ०२ म्हटलं की ती संसर्गाच्या प्रकरणात आहे हे कोडावरूनच कळतं. पण उद्या आजार दुसऱ्या प्रकरणात हलवायचा झाला तर कोड बदलावा लागतो. स्नोमेडमध्ये क्रमांक तोच राहतो, फक्त नाती बदलतात. एखादी संकल्पना चुकीची ठरली तर ती निष्क्रिय करतात, पण तिचा क्रमांक दुसऱ्या कशालाही देत नाहीत. दहा वर्षांच्या डेटाला हे फार महत्त्वाचं.

आणि एका आजाराचे दोन आईबाप चालतात. विषाणूमुळे झालेला न्यूमोनिया हा फुप्फुसाचा आजारही आहे आणि संसर्गही. कुठूनही शोधा, सापडतो.

भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला परवाना फुकट मिळतो. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत स्नोमेड, आयसीडी-१० आणि तपासण्यांसाठी लॉइंक या तिघांचीही नावं आहेत.

हळदीचं_पेव

वाचतोय. लॉइंक कशासाठी? शुगर ती शुगरच ना?

विट्याचा_पोरगा

उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची की मधेच कधीतरी केलेली? रक्तातली की लघवीतली? आकड्यात की 'प्लस प्लस' अशी? लॉइंकमध्ये प्रत्येक तपासणीचे सहा पैलू ठरवलेत : काय मोजलं, कोणत्या गुणधर्मात, कोणत्या वेळेचं, कशातलं, कोणत्या मापावर, कोणत्या पद्धतीने. उपाशीपोटीच्या रक्तशर्करेचा कोड १५५८-६. परदेशातल्या डेटाशी जुळवताना एककं बघा. आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितो, कित्येक देश मिलिमोल लिहितात. मधे १८ चा गुणाकार आहे. आपले १२६ म्हणजे त्यांचे ७.

सिस्टर_अक्का

सगळं वाचलं. मोठमोठ्या कोडांची नावं आली, पण पहिली पायरी कुणी सांगितली नाही. बाई आमच्यासमोर बसून जे बोलते ते या संकल्पनेत आणायचं कुणी?

"पित्त झालंय" म्हणजे छातीत जळजळ. "पित्त उठलंय" म्हणजे अंगावर गांधी. आणि सोनोग्राफीच्या कागदावर पित्ताशयात खडे असतात, ते तिसरंच. एका क्रियापदाने आजार बदलतो. संगणकात 'पित्त' एवढंच भरलं तर कुठला कोड देणार?

"अंगावर जातंय" म्हटलं की पांढरं की तांबडं हे विचारायलाच लागतं. बाया आपणहून सांगत नाहीत. पुरुष डॉक्टर असले तर "अशक्तपणा" एवढंच सांगतात आणि केसपेपरवर तेच येतं. त्या अशक्तपणाच्या मागे कितीदा महिन्याचं अतोनात जाणं असतं ते आम्हाला ड्रेसिंगच्या खोलीत कळतं. तुमच्या डेटाबेसमध्ये 'कुणी विचारलं' हा रकाना आहे का? मला तो कोडाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

संगमकाठ

अक्का, हा रकाना आमच्याकडे नाही. आजच मागणी टाकते.

जतचा_मल्लू

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया दवाखान्यात कानडीच बोलतात. मिरजेला तर अथणी, चिकोडीकडनं रोज माणसं येतात. 'होट्टी ब्यानी' म्हणजे पोटदुखी. माझ्या आज्जीच्या कागदावर कुणीतरी 'पोटात पाणी' लिहून ठेवलेलं आणि तिची सोनोग्राफी झाली. पाणी निघालं नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं, दुखणं राहिलं तसंच. भाषा कोणती होती, दुभाषी कोण होतं, हेही लिहा.

वैद्य_वाई

माझी एक कळकळीची सूचना. आयुर्वेदिक रुग्णालयांच्या नोंदी घेणार असाल तर 'आमवात' दिसला की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा कोड चिकटवू नका. दोन्ही जवळचे वाटले तरी निदानाची रीत वेगळी आहे. आमवात ठरवताना आम्ही आम, अग्नी, ज्वर यांचा विचार करतो. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये 'नमस्ते' पोर्टल काढलं, त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचे स्वतःचे कोड आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ च्या २६ व्या प्रकरणात या तिन्ही पद्धतींसाठी दुसरं मोड्यूल आलं. दोन्ही निदानं शेजारीशेजारी लिहिता येतात, एक पुसून दुसरं लिहायची गरज नाही.

डॉ_कोयना

वैद्यबुवा, मान्य. पण जो रुग्ण दोन्हीकडे जाऊन आलाय तो मोजताना दोन रुग्ण होऊ नयेत, एवढी काळजी संगमकाठ यांना घ्यावी लागेल.

तासगावकर

मी द्राक्षबागायतदार आहे, डॉक्टर नाही. पण एका शब्दाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही : औषध.

आमच्याकडे दवाखान्यातून आणतो तेही औषध आणि बागेवर मारतो तेही औषध. "औषध लागलं" म्हणजे फवारताना अंगावर आलं, डोकं जड झालं, उलट्या झाल्या. "औषध घेतलं" म्हणजे... तुम्हाला कळतं. आमच्या भावकीतल्या एका मुलाला नेलं तेव्हा मी सोबत होतो. दारात विचारलं, काय झालं? कुणाच्या तरी तोंडून निघालं, "औषध घेतलंय." समोरचा मुलगा विचारतो, "किती गोळ्या?" बाटली गाडीत राहिली होती, ती आणेपर्यंत मिनिटं गेली. पोरगा वाचला. पण कागदावर नंतर 'चुकून' लिहिलं गेलं, कारण पोलिसांची भीती सगळ्यांनाच होती.

तुमच्या अभ्यासात हे 'चुकून' कसं मोजणार?

रेकॉर्डरूम_काका

तासगावकर, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. मुलगा वाचला हे वाचून बरं वाटलं.

आयसीडी-१० मध्ये यासाठी दोन कोड जोडीने लावायचे असतात. एक विषाचा : ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर टी ६०.०. दुसरा ते कसं घडलं त्याचा : अपघाताने एक्स ४८, स्वतःहून घेतलं तर एक्स ६८, आणि हेतू ठरवता येत नसेल तर वाय १८. हा तिसरा कोड प्रामाणिक माणसाचा आहे, आणि तो फार कमी वापरला जातो. ठाऊक नसेल तिथे 'चुकून' लिहिणं म्हणजे आकडा बिघडवणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलंय. हे घरच्यांना दारातच कुणी सांगितलं तर खरं बोलायला धीर येईल.

वारणेचा_वाघ

तासगावकर दादा, पोराला जपा. भेटा-बोलत राहा त्याच्याशी.

टंकलेखक

थोडं अवांतर, पण सापडलेच पाहिजेत असे रुग्ण यामुळे हरवतात. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर संगणकाला ती इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्येही 'घेऱ्या' मधला अर्धा ऱ दोन तऱ्हेने टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. 'घेऱ्या येतात' शोधलं की निम्म्याच बाया सापडतात. शोधण्याआधी सगळा मजकूर एका रूपात आणून घ्या.

कृष्णामाई

२०१९ च्या पुरात आमच्या दवाखान्याची वह्यांची कपाटं पाण्यात गेली. वाळवलेल्या पानांवरची शाई पसरली होती, तरी मी तीन महिने बसून वाचता येईल तेवढं उतरवून घेतलं. 'वाचता येत नाही' आणि 'लिहिलेलंच नाही' या दोन्हींना मी एकच रिकामी चौकट दिली, ते आता सलतं. तुम्ही तरी दोन वेगळ्या खुणा करा.

सरासरी

मी संख्याशास्त्र शिकवते. आता मूळ प्रश्नाकडे येऊ : मूळ मजकूर ठेवायचा की कोड?

दोन्ही, आणि वेगवेगळ्या रकान्यांत. यासाठी ओमॉप नावाचा खुला आराखडा आहे. जगभरातली रुग्णालयं आपला डेटा तुलना करता यावा म्हणून त्यात बसवतात. त्यात प्रत्येक आजाराच्या ओळीत मूळ कागदावर जे होतं ते जसंच्या तसं एका रकान्यात राहतं, मुळात वापरलेला कोड असेल तर तो दुसऱ्यात, आणि प्रमाण संकल्पना तिसऱ्यात. आजारांसाठी प्रमाण म्हणून मुख्यतः स्नोमेड, तपासण्यांसाठी लॉइंक. उद्या कुणी म्हणालं की तुमचं 'पान लागलं' चुकलंय, तर तिसरा रकाना दुरुस्त करायचा, पहिल्याला हात लावायचा नाही. तुमच्या वरिष्ठांना हेच सांगा : मूळ मजकूर पुसला तर आपली चूक आपल्यालाच कधी सापडणार नाही.

शब्द संकल्पनेला जोडायला मदत करणारं 'उसागी' नावाचं फुकट साधन आहे, पण ते इंग्रजी शब्दांवर चालतं. 'घेरी' त्याला कळणार नाही. तेव्हा आधी मराठी-कानडी शब्दांचा कोश तुम्हालाच करावा लागेल. तो दोघांनी एकमेकांचं न बघता करा, मग जुळवा. किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने मोजा, कारण नुसती टक्केवारी योगायोगाने जुळलेलंही धरते. जिथे जुळत नाही तिथे तिसरा माणूस. तो तिसरा माणूस डॉक्टरच असावा असं नाही. माझं मत सिस्टर अक्कांसारख्या कुणाला.

आणि नावं, फोन, आधार क्रमांक कोशाच्या कामात कुणाच्याही समोर येता कामा नयेत. लहान वाडीत गाव, वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

डॉ_कोयना

सरासरी यांना अनुमोदन. मी आधी ड्रॉपडाऊनच्या बाजूने बोलले होते. तो असू द्या, पण मजकूर लिहून झाल्यावर.

संगमकाठ

उशिरा उत्तर देतेय, पण मधल्या दिवसांत बसून राहिले नाही.

वरिष्ठांसमोर 'व्यसन : पान' वाली नोंद आणि मूळ केसपेपर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मजकूर पुसायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करायला सांगितलंय, तेव्हा असे रुग्ण हरवणं परवडणार नाही हेही त्यांनीच सांगितलं.

आता तीन रकाने झालेत. शिवाय विभाग, खात्री, भाषा, कुणी विचारलं, आणि 'वाचता येत नाही' साठी वेगळी खूण. विषबाधेत वाय १८ उघडपणे निवडता येतो. कोशासाठी दोघी बसतोय. पहिल्याच दिवशी वाद झाला : 'भोवळ' आणि 'घेरी' यांना एकच संकल्पना द्यायची की दोन? माझ्या जोडीदारणीने एकच दिली, मी दोन.

सिस्टर_अक्का

दोन. घेरीत भिंत फिरते, बाई खाट धरून बसते. भोवळीत डोळ्यांपुढे अंधार येतो आणि बाई खाली जाते. पडली का, आणि शुद्ध हरपली का, हे विचारा आणि मग कोड द्या.

वारणेचा_वाघ

आक्का, आमच्यात दोन्हीला घेरीच म्हणत्यात.

संगमकाठ

मग गावाचाही रकाना कोशात. वाघदादा, तुमचं गाव वारणेच्या अलीकडचं की पलीकडचं?